नॉर्वेशी साटंलोटं

चतुराबाईची उज्वला नॉर्वेला गेली ती साटंलोटं करून गेली, असं पाड्यावर अजूनही सांगतात, आणि सांगणाऱ्याला कुणी खोडून काढत नाही. खोडणार तरी कोण? खुद्द किशोरभाऊच तसं बोलून बसले होते.

किशोरभाऊ म्हणजे नाशिकच्या संस्थेचे. संस्थेचं ऑफिस गंगापूर रोडला, पण काम सगळं हरसूलच्या आसपासच्या डोंगरपाड्यांवर. बाळांची वजनं करायची, गरोदर बायांना तपासणीला न्यायचं, जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं पाजायचं ते आयांना दाखवायचं. उज्वला नाशिकला नर्सिंगचा कोर्स करून त्यांच्याकडेच कामाला लागली होती. दोन हजार तीन साली भाताची लावणी उरकली, आणि एके दिवशी भाऊ जीप घेऊन थेट चतुराबाईच्या अंगणात आले. चहाचा कप हातात घेतला आणि त्यांनी नॉर्वेचा विषय काढला.

नॉर्वे नावाचा देश आहे आणि तिथल्या सरकारची एक योजना आहे. तिकडची एक नर्स वर्षभर इकडे येऊन काम करणार, इकडची एक तिकडे जाऊन काम करणार. पगार नाही, सेवा म्हणूनच जायचं. पण विमानाचं भाडं, राहणं, खाणं, हातखर्च, सगळं तिकडचं सरकार बघणार. भाऊंना उज्वलाला पाठवायचं होतं. उज्वला दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, आणि तिच्या तोंडावरून सरळ दिसत होतं की हे तिला आधीच ठाऊक आहे आणि तिचं कधीच ठरलेलं आहे.

चतुराबाईचा नवरा नाथा. त्याने विचारून विचारून काय विचारलं, तर तिथे भात पिकतो का. चतुराबाईने मात्र नेमकं बोट ठेवलं.

“त्यांची पोर आपल्याकडं, आपली त्यांच्याकडं. आन् त्यांची मधीच निघून गेली तर?”

भाऊ खरं बोलणारा माणूस. “मग अवघड होतं, मावशी. योजना जोडीची आहे. एक परत गेली तर दुसरीलाही बहुतेक परत यावं लागतं.”

“म्हंजे साटंलोटं.”

भाऊ हसले. “तसंच समजा.”

भाऊंनी गंमत केली होती. चतुराबाईला गंमत करायची सवय नव्हती.

साटंलोटं ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर हा लग्नाचा प्रकार. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची तुमच्या मुलाला. एकाच मांडवात दोन लग्नं होतात, देण्याघेण्याची कटकट नाही, असं लोक कौतुकाने सांगतात. पुढचं कुणी सांगत नाही. पुढे काय होतं, तर दोन्ही घरं एकमेकांवर डोळा ठेवून बसतात. तिकडे आपलीला कुणी टाकून बोललं की इकडे त्यांचीला टोमणे सुरू. चतुराबाई अशीच दिलेली. ती नाथाला, आणि नाथाची बहीण लंकाबाई चतुराबाईच्या भावाला. लंकाबाईचं तिकडे नवऱ्याशी कशावरून तरी बिनसलं, ती पाय आपटत माहेरी निघून आली, आणि लगेच सासऱ्याने चतुराबाईला तिच्या माहेरी नेऊन घातलं. काखेत तान्ही उज्वला. नाथाशी तिचं एका शब्दाचं भांडण नव्हतं. पण नाथा बापापुढे बोलला नाही, आणि आजही तो विषय निघाला की त्याला गोठ्यात काहीतरी काम आठवतं. पुढे लंकाबाईचा राग उतरला, ती नांदायला गेली, तेव्हा कुठे चतुराबाई परत आली.

तेव्हा साटंलोटं म्हणजे काय, हे तिला शिकवायची गरज नव्हती. उज्वला तिकडे सुखाने राहायची तर तिकडची पोर इथे सुखात राहिली पाहिजे, एवढं तिने मनाशी धरलं. उज्वलाने या जाण्यासाठी ठरत आलेली सोयरीक थांबवली होती. अर्ध्यातून परत आली असती तर लोकांनी तिला बोलून बोलून खाल्लं असतं. ते चतुराबाई होऊ देणार नव्हती.

दसऱ्याच्या सुमारास नाशिकच्या सीबीएस स्टँडवर उज्वलाला निरोप दिला, आणि दिवाळीच्या तोंडावर कारी चतुराबाईच्या घरी राहायला आली. कारी म्हणजे तिकडची पोर. इतकी उंच की दारातून वाकून यावं लागायचं. नाशिकला राहून चार शब्द मराठी शिकून आली होती आणि समोर येईल त्याला, अगदी गोठ्यातल्या गाईलासुद्धा, नमस्कार करत होती.

चतुराबाईने तिचे असे लाड केले की नव्या सुनेचे कुणी केले नसतील. घरातली एकुलती एक खाट तिला दिली. नाथा जमिनीवर आला. घरादाराला नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकर, कारीला तूप-भात. आंघोळीला कढत पाणी. कारीने झाडू उचलला की चतुराबाईने तो हातातून काढून घ्यायचा. कारी विहिरीकडे निघाली की हंडा आडवा धरायचा.

“आई, मी काम,” कारी म्हणायची.

“काम काय पळून चाललंय? बस तू. ऊन किती हाय बाहीर!”

कुणी बाई बाळाचं वजन करायला आली की चतुराबाई ओट्यावरूनच सांगायची, “निजलीय ती. लांबून आलीय पोर. उद्या या.” उद्या आली की पुन्हा उद्या. पाड्यावरच्या बाकीच्या बायाही काही कमी नव्हत्या. साटंलोट्याची पोर आहे म्हटल्यावर त्यांनाही जबाबदारी कळत होती. कारी चुकून वाटेला लागलीच तर कुणीतरी तिची पिशवी खांद्यावरून उतरवून घ्यायची आणि तिला सावलीला बसवून चहा पाजायची. दुसऱ्या पाड्यावर पोचेपर्यंत संध्याकाळ व्हायची आणि पोरगी आल्यापावली परत यायची.

कारीच्या गालांवर मांस चढलं. “अंग धरलं पोरीनं,” असं चतुराबाई येईल-जाईल त्याला अभिमानाने सांगायची. ती पोरगी खाटेवर मांडीत हात घेऊन डोंगराकडे बघत बसते, हसणं कमी झालंय, हेही तिला दिसत होतं. पण घरची आठवण यायचीच, असं म्हणून ती भातावर आणखी तूप वाढायची.

उज्वलाचा फोन महिन्यातून एकदा यायचा, हरसूलच्या बाजाराच्या दिवशी, दत्तूच्या दुकानात. आधीच्या फोनांवर ‘बरी आहे, थंडी आहे’ यापुढे गाडी गेली नव्हती. त्या दिवशी मात्र उज्वलाला बोलायचा उत्साह आला होता.

“आई, इथं बर्फ पडलाय गं, गुडघ्याएवढा! सकाळी उठून मी फावड्यानं बाजूला सारते, तेव्हा कुठं रस्त्यावर जाता येतं.”

“तू? फावड्यानं? त्या घरात दुसरी माणसं नाईत का?”

“आहेत ना. पाळ्या लावल्यात आम्ही. बर्फाची पाळी, भांड्यांची पाळी. मग मी ड्युटीला जाते. म्हाताऱ्यांना आंघोळी घालायच्या, जेवू घालायचं.”

“आन् तू काय जेवतीस?”

“पाव. थंडगार!” उज्वला खदखदून हसली.

पुढे ती बरंच काही बोलली. एक आजी तिला लोकर विणायला शिकवते म्हणाली, घरमालकीण तिला आपल्या बहिणीकडे घेऊन गेली होती म्हणाली. पण चतुराबाईचं डोकं फावड्यापाशी अडकलं होतं. काळीपिवळी जीपमधून ती घरी आली आणि तिने नाथाला काही सुचू दिलं नाही.

“त्यांची पोर मी खाटंवर बशिवली. तूप चारलं तिला. आन् माझ्या पोरीच्या हातात फावडं? भांडी घासाया लावत्यात तिला!”

“भाऊला सांगू आपण,” नाथा म्हणाला.

“भाऊ काय करतोय! मीच बघते.”

साटंलोट्याचा कायदा तिला तोंडपाठ होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने झाडू कारीच्या पुढ्यात टाकला.

“घे. झाड.”

कारीने झाडूकडे पाहिलं, मग चतुराबाईकडे पाहिलं. नंतर तिने अंगण झाडलं, ओटा झाडला आणि गोठ्यामागची जी जागा घर बांधल्यापासून कुणी झाडली नव्हती तीही झाडून काढली. चतुराबाईने तिच्या डोक्यावर हंडा दिला. कारी अर्धं पाणी अंगावर सांडून घेत आली आणि उरलेल्यासाठी परत गेली. मग चतुराबाईने तिला खळ्यावर नेलं, भाताच्या पेंढ्या हातात दिल्या आणि फळीवर झोडायला लावलं. आता तरी हिचं तोंड उतरेल, असं तिला वाटत होतं. कारी आपल्या भाषेत गाणं म्हणायला लागली. पेंढी आपटायची आणि गायची. चतुराबाईचा संताप आणखी वाढला. शिक्षा करायची म्हटली तर पोरगी सणाला आल्यासारखी वागत होती.

“आन् ती वजनं!” दुपारी ती कडाडली. “पाड्यापाड्यावर लेकरं पडून हायत. जा. पायी जा. जीप नाय की फीप नाय.”

कारीने पिशवी गळ्यात अडकवली आणि ती जवळजवळ पळतच सुटली. दिवेलागणीला परत आली तेव्हा पाय धुळीने माखलेले, नाक उन्हाने सोललेलं. खाटेकडे न जाता ती चुलीपुढे जमिनीवर बसली, नाथाच्या ताटातल्या नागलीच्या भाकरीकडे बोट दाखवून म्हणाली, “मला ती.” खुरासणीच्या चटणीने तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तरी तिने भाकर संपवली. मग चतुराबाईच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली, “आई, आज लय छान.”

एवढा मोठा राग आता ठेवायचा कुठे, हेच चतुराबाईला कळेना.

थोड्याच दिवसांत किशोरभाऊंची जीप अंगणात आली. चतुराबाईला वाटलं, झालं, बातमी पोचली. भाऊ जीपमधून उतरायच्या आत तिने सुरुवात केली.

“व्हय, लावलं मी तिला कामाला! झाडाया लावलं, भात झोडाया लावलं. आधी तिकडल्यांना इचारा माझ्या पोरीला फावडं का दिलं, मंग मला बोला!”

भाऊ बघतच राहिले. “कसलं फावडं, मावशी? मी कारीला न्यायला आलोय.”

“कुठं?”

“परत. तिचा फोन आला होता मला मागे. रडत होती. म्हणाली, माणसं फार प्रेमळ आहेत, पण मला कशालाच हात लावू देत नाहीत. मी काम करायला आले होते आणि इथे माझा कुणालाच उपयोग नाही. तिच्या तिकिटाचं बघतोय मी. उज्वलाचंही बघावं लागेल.”

इतक्यात कारी खळ्यावरून आली, केसांत पेंढा अडकलेला. भाऊंना बघून थांबली. भाऊंनी तिला इंग्रजीतून विचारलं, पण तिने उत्तर मराठीतून दिलं, बहुधा चतुराबाईला कळावं म्हणून.

“मी जात नाही. मला काम आहे. उद्या वरच्या पाड्यावर वजन.”

चतुराबाई ओट्याच्या पायरीवर बसली. तूप वाढून वाढून तिने उज्वलाला जवळजवळ परत आणलं होतं. आणि मग तिला माहेरचे ते दिवस आठवले. उज्वलाला घेऊन ती तिथे पोचली आणि दुसऱ्या सकाळी सवयीने हंडा घेऊन विहिरीकडे निघाली, तर तिच्या आईनेच तो हातातून काढून घेतला होता. “तू बस बाई. पाहुणी हायेस.” ज्या घरात ती शेण काढून, धुणी धुऊन मोठी झाली त्या घरात ती मायेपोटीच बसवली गेली, आणि हे घर आता आपलं राहिलं नाही, हे तिला त्या हंड्याने सांगितलं. तेव्हा ती मागच्या परसात जाऊन रडली होती. तेच तिने या पोरीला करून दाखवलं होतं, वर अंग धरलं म्हणून कौतुकही केलं होतं. आणि तिकडे त्या लोकांनी तिच्या उज्वलाला पाळीत घेतलं होतं. घरात घेतलं होतं! चतुराबाईला लाजही वाटली आणि हसूही आलं. पदर तोंडाला लावून ती हसली की रडली, हे भाऊंना नीट सांगता आलं नाही.

“चहा घ्या,” शेवटी ती म्हणाली. “कारी, आदण ठेव गं.”

त्यानंतरचे महिने कसे गेले ते कुणाला कळलं नाही. कारी पाड्यापाड्यांतून हिंडली. हाका मारून बायांना गोळा करायला शिकली. तिला भाकर थापता आली नाही ती नाहीच, पण चुलीपुढची जागा तिची झाली. खाट नाथाला परत मिळाली. सगळ्यात खूश कोण होतं म्हणाल तर तोच.

पुन्हा लावणी आली तेव्हा कारी गुडघाभर चिखलात रोपं लावत होती आणि किशोरभाऊ बांधावर येऊन उभे राहिले. योजनेत सहा महिने वाढवून मिळतात, म्हणाले, पण दोघींना मिळूनच. कारीला राहायचं होतं. बाळंतिणींचं काम आत्ता कुठे मार्गी लागत होतं.

“आता उज्वलाचा होकार हवा,” भाऊ म्हणाले. “कारीला राहायचंय एवढं तिला सांगून टाकू. ती नाही म्हणायची नाही.”

दसऱ्याला पोर डोळ्यांना दिसणार, या एका गोष्टीवर चतुराबाईने उन्हाळा काढला होता. फोनवर नुसतं ‘ये’ म्हटलं की उज्वला येईल, हे तिला पक्कं माहीत होतं. कारीचं नाव सांगितलं की उज्वला राहील, हेही तितकंच पक्कं. कसंही झालं तरी पोरीचं ठरणार ते दुसऱ्या कुणावरून तरी ठरणार. चतुराबाईला माहेरी नेऊन घातलं तेव्हा, आणि परत आणलं तेव्हाही, तुझ्या मनात काय आहे, हे वाक्य एकाही माणसाच्या तोंडून निघालं नव्हतं. सासऱ्याच्या नाही, बापाच्या नाही, नाथाच्याही नाही.

“तिला काय बी सांगू नका,” ती भाऊंना म्हणाली. “मी इचारते.” मग चिखलातल्या कारीकडे वळून म्हणाली, “तुझं मला कळलं गं बाई. पण तिचं तिला इचारू दे.”

कारीने मान डोलावली आणि हातातली रोपं नीट करत राहिली.

बाजाराच्या दिवशी दत्तूच्या दुकानात फोन वाजला. चतुराबाईने तो दोन्ही हातांनी धरला.

“उजे, वरीस सरत आलं. आनखी सहा महिने ऱ्हायला मिळतंय म्हणत्यात. तुला काय पायजे? घरी यायचंय का ऱ्हायचंय?”

“कारी काय म्हणते? तिला राहायचं असलं तर मग मला...”

“कारीचं कारी बघंल.”

“बाबा?”

“बाबाचं सोड. माझं बी सोड. तुझ्या मनात काय हाय त्ये सांग.”

लाईन कटली की काय म्हणून चतुराबाईने फोन कानाला आणखी दाबला. दत्तू साखरेची पुडी बांधता बांधता थांबला.

“आई,” उज्वलाचा आवाज अगदी बारीक आला, “मला राहायचंय. मला इथलं काम पुरतं शिकून यायचंय. तुला राग आला का गं?”

चतुराबाईच्या काळजाला ते लागलंच. लागणार नाही तर काय? तिची सगळी आशा ‘येते’ या एका शब्दावर होती.

“राग कशाचा? ऱ्हा. आन् आता सांगितलंस ना, तसंच सांगत जा. मला बी, आन् जगाला बी.”

फोन ठेवून ती दुकानातल्या मिठाच्या गोणीवर बसली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंडभर हसू होतं.

“काय मावशी,” दत्तूने घाबरत विचारलं, “येतीय का पोर?”

“नाय. ऱ्हाते म्हणली.”

“मंग हसता काय?”

“आरं, मी इचारलं,” चतुराबाई म्हणाली, “आन् तिनं सांगितलं!”

यात एवढं काय, ते दत्तूला उमगलं नाही. चतुराबाईने त्याला ते पुन्हा एकदा सांगितलं.